जेसनची मालकीण

विमान विकत घेणे ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या स्वप्नातही येत नाही. आलीच, तर ती एखाद्या संस्थानिकाच्या किंवा गिरणीमालकाच्या रूपाने येते. म्हणूनच अ‍ॅमी जॉन्सनचे चरित्र मला इतके आवडते. ती मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी, कला शाखेची पदवीधर आणि एका वकिलाच्या कचेरीतील कारकून. तिने एक जुने, दुसऱ्याने वापरलेले विमान मिळवले, त्याची देखभाल स्वतःच्या हातांनी केली आणि १९३० साली ती त्यातून एकटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली. तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक लोक तिच्या धाडसाविषयी लिहितात. मला मात्र तिच्या हातांना लागलेल्या तेलाविषयी लिहावेसे वाटते.

अ‍ॅमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात झाला. चार बहिणींत ती थोरली. वडिलांचा मासळीचा धंदा चांगला चालत असे, घर खाऊनपिऊन सुखी होते. शेफील्ड विद्यापीठातून तिने १९२५ साली बी.ए. केले. अर्थशास्त्र, लॅटिन, फ्रेंच असे तिचे विषय! आपल्या वर्गातल्या कुणाही मुलीचे असावेत तसेच. बी.ए. झाल्यावर पुढे काय, हा आपल्या सर्वांच्या उशाशी बसलेला प्रश्न तिच्याही उशाशी होता. शिक्षिका व्हावे असा घरचा विचार होता, तो तिला पटला नाही. टंकलेखन आणि लघुलेखन शिकून ती लंडनला एका वकिलाच्या कचेरीत लागली. एका स्विस तरुणावर तिचे अनेक वर्षे प्रेम होते. त्याने १९२८ साली दुसरीशी लग्न केले. त्याच वर्षी सप्टेंबरात ती लंडनच्या स्टॅग लेन विमानतळावरील क्लबात विमान चालवायला शिकू लागली. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह चरित्रकारांना आवरत नाही. मी तो जोडणार नाही. भग्नहृदयी माणसे पुष्कळ असतात, त्यांतली फारच थोडी पहाटे उठून इंजिन उघडायला जातात.

कारण अ‍ॅमी तेच करीत असे. कचेरी सुरू होण्यापूर्वी आणि सुटल्यावर ती हँगरमध्ये असे. चालक म्हणून ती काही उपजत हुशार नव्हती. शिक्षकाबरोबर साधारण सोळा तास उडाल्यानंतर जून १९२९ मध्ये तिला एकटीला विमान नेऊ दिले गेले. इतरांना याहून पुष्कळ कमी वेळ लागे. जुलैत तिला चालकाचा परवाना मिळाला. त्याच महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीने, आयरीनने, आत्महत्या केली. आनंद आणि दुःख असे एकाच महिन्यात घरात आले. अ‍ॅमीने कामात डोके खुपसले. क्लबाचे मुख्य यंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली ती व्हॉल्व्ह घासणे, प्लग साफ करणे, कार्ब्युरेटर उघडून पुन्हा जोडणे हे सारे शिकली. हँगरमधले कामगार तिला जॉनी म्हणत. वर्ष संपायच्या आत तिला जमिनीवरील यंत्रज्ञाचाही परवाना मिळाला. असा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. मला विचाराल तर पुढचे सारे यश या दुसऱ्या कागदावर उभे आहे.

आता विमान. डी हॅव्हिलँड कंपनीचे जिप्सी मॉथ म्हणजे त्या काळच्या हौशी वैमानिकांची मोटारसायकलच म्हणावी. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून रोगण चढवलेले कापड, एकावर एक दोन पंख, एकापाठीमागे एक दोन उघड्या जागा आणि पुढे चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन. वेग ताशी १३५ किलोमीटरच्या आसपास. जेफ्री डी हॅव्हिलँड यांना फुलपाखरे-पतंगांचा अभ्यास करण्याचा छंद होता, म्हणून विमानाला मॉथ हे नाव. आणि पतंगासारखे याचे पंख मागे मिटवून ते गॅरेजात ठेवता येत असे. त्यामुळे विमानाला महाल लागत नसे, मोठ्या गोठ्याएवढी जागा पुरे.

तरीही पैसे लागतच होते. अ‍ॅमीजवळ ते नव्हते. तिने अनेकांना पत्रे लिहिली. नागरी विमान वाहतुकीचे प्रमुख सर सेफ्टन ब्रँकर यांच्यामुळे तिची गाठ लॉर्ड वेकफील्ड यांच्याशी पडली. हे कॅस्ट्रॉल तेलाचे मालक. त्यांनी आणि अ‍ॅमीच्या वडिलांनी मिळून ६०० पौंडांना एक वापरलेले मॉथ घेतले. वाटेत ठिकठिकाणी पेट्रोल व तेल मिळेल अशी व्यवस्थाही वेकफील्ड यांनी केली. वडिलांच्या मासळीची छाप 'जेसन' नावाची होती. तेच नाव विमानाला दिले. ग्रीक कथेतला सोनेरी लोकरीच्या शोधात निघालेला जेसन वाचकांना आठवेल, पण या विमानाचा खरा कुलपुरुष खारवलेल्या माशांच्या खोक्यावरचा! हिरव्या रंगावर रुपेरी अक्षरे, असे त्याचे रूप होते.

जुनी मोटारसायकल घेतलेल्या कुणालाही ठाऊक असते की, अशा यंत्राचा पहिला मालक आपल्यासाठी काही सोयी आणि काही खोडी ठेवून जातो. जेसनला लांब पल्ल्यासाठी जादा टाक्या बसवलेल्या होत्या. पुढच्या माणसाच्या जागी टाकी, आणि तिच्यातले पेट्रोल वरच्या पंखातल्या टाकीत चढवायला एक हातपंप. उडता उडता एका हाताने सुकाणू धरायचे आणि दुसऱ्याने तासातासाला पंप मारायचा. त्यात पेट्रोलच्या वाफांनी मळमळ. सामान म्हणून हत्यारे, सुटे भाग आणि बाजूला बांधलेला एक जादा प्रॉपेलर. रेडिओ नाही. यापूर्वीचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडन ते हल!

५ मे १९३० रोजी सकाळी ती क्रॉयडनहून निघाली. निरोप द्यायला वडील आणि थोडीशी मंडळी होती. ओझ्यामुळे पहिल्या धावेत विमान उचललेच नाही, दुसऱ्या वेळी उचलले. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो असे मुक्काम झाले. बगदादच्या वाटेवर धुळीच्या वादळाने विमान वाळवंटात खाली आणले. तेव्हा ते उडून जाऊ नये म्हणून चाकांना सामान लावून ती वादळ ओसरेपर्यंत शेपटीवर बसून राहिली. दुरून कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येत होते, हातात पिस्तूल होते. दिवसभर उडायचे, मुक्कामाला पोचले की पेट्रोल गाळून भरायचे, इंजिन उघडून तपासायचे, दोन-तीन तास झोपायचे आणि अंधारात उठायचे. सहाव्या दिवशी ती कराचीला पोचली. बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ साली हा प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. कराचीपर्यंत ती त्याच्या दोन दिवस पुढे होती. तोवर तिची फारशी दखल न घेणारी वर्तमानपत्रे जागी झाली.

त्याच मे महिन्यात मुंबईचे जे. आर. डी. टाटा आगाखान पारितोषिकासाठी कराचीहून लंडनकडे, तर अस्पी इंजिनिअर उलट दिशेने, आपापली जिप्सी मॉथच घेऊन उडत होते. ते पारितोषिक इंजिनिअर यांनी जिंकले. इतकी तीन तरुण माणसे एकाच जातीची लाकडी पाखरे घेऊन एकाच आकाशात! हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

कराचीहून अलाहाबादला जाताना पेट्रोल कमी पडले आणि जेसन झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरला. ज्या गावाचे नाव मराठी माणसाला शाळेपासून पाठ, तिथल्या पलटणीत ही बाई आकाशातून पडल्यासारखी आली. विमान बराकीजवळ जाऊन धडकले आणि पंखाला इजा झाली. स्थानिक सुताराने रातोरात तो सांधून दिला. लाकडी विमानाचा हा केवढा फायदा! सुतार कुठेही मिळतो.

कलकत्त्याहून रंगूनला जाताना मात्र पावसाने गाठले. रंगूनच्या घोडदौडीच्या मैदानाऐवजी ती इन्सीनच्या तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानावर उतरली आणि विमान खड्ड्यात गेले. पंख फाटला, चाकांचा सांगाडा मोडला, प्रॉपेलर तुटला. बरोबरचा जादा प्रॉपेलर कामाला आला. पंखाच्या कापडाचा प्रश्न असा सुटला की, महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे लोकांनी सदरे शिवले होते, ते सदरे उसवून पुन्हा पंखावर चढवले. तंत्रशाळेतील मंडळी आणि अ‍ॅमी यांनी मिळून दुरुस्ती केली खरी, पण मिळवलेले दोन दिवस तिथेच गेले. पुढे जावात उतरताना बांबूच्या खुंट्यांनी पंखांना भोके पडली, ती तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बुजवली. तिमोर समुद्र ओलांडून २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. एकोणीस-वीस दिवस, सुमारे १८,००० किलोमीटर. हिंकलरचा विक्रम मोडला नव्हता. पण एकटीने हा प्रवास करणारी ती पहिली स्त्री होती, आणि लोकांना तेवढे पुरे होते.

यानंतरचे कौतुक मी थोडक्यात सांगतो, कारण ते मला फारसे आवडत नाही. एका वर्तमानपत्राने १०,००० पौंड दिले आणि त्याच्या बदल्यात तिला गावोगाव मिरवायला लावले. तिच्यावर गाणे निघाले, सरकारने किताब दिला. थकव्याने ती इतकी मोडली होती की, ब्रिस्बेनला २९ मे रोजी उतरताना जेसन उलटला. वाळवंटात, बर्मात, जावात तिला न सोडणारे विमान हारतुऱ्यांच्या दौऱ्यात कोलमडले. इंग्लंडला परतल्यावर लाखो लोक रस्त्यावर उभे होते. मिरवणुकीचा तो दौरा तिने प्रकृतीमुळे अर्ध्यावर सोडला.

आता पैसा होता, आणि विमानेही बदलत गेली. पहिली सुधारणा म्हणजे पस मॉथ. एकच पंख आणि वर बंद खोली, म्हणजे वाऱ्यापावसापासून सुटका. जुलै १९३१ मध्ये हम्फ्रीज यांना बरोबर घेऊन ती एका दिवसात मॉस्को आणि पुढे तोकियोपर्यंत गेली. ऑक्टोबर १९३२ मध्ये टाटांनी कराची-मुंबई टपाल सुरू केले तेही पस मॉथमधूनच. नोव्हेंबरात अ‍ॅमी तशाच विमानातून केपटाऊनला साडेचार दिवसांच्या आत पोचली आणि नवऱ्याचा विक्रम साडेदहा तासांनी मोडून मोकळी झाली. नवरा म्हणजे जिम मॉलिसन. तोही नावाजलेला वैमानिक. लग्न त्याच वर्षी जुलैत झाले होते. त्याला दारूचे व्यसन होते. नवऱ्याचा विक्रम मोडणारी बायको आणि तिच्याशी रोजचा संसार, हे गणित किती अवघड असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

दोघांनी मिळून १९३३ साली दोन इंजिनांचे ड्रॅगन घेऊन अटलांटिक ओलांडला. न्यूयॉर्कच्या अलीकडे ब्रिजपोर्टला पेट्रोल संपत आले असता ते रात्री दलदलीत कोसळले. दोघे जखमी झाले, आणि आठवण म्हणून लोकांनी विमानाचे तुकडे तोडून नेले. १९३४ च्या लंडन-मेलबर्न शर्यतीसाठी त्यांनी कॉमेट घेतले. मिटणारी चाके, पाती फिरवून कोन बदलता येणारे प्रॉपेलर, खास शर्यतीसाठी घडवलेले काळे-सोनेरी सुंदर यंत्र. ते सुमारे २२ तासांत कराचीला सर्वांच्या आधी पोचले. मग वाट चुकून त्या वेळच्या मध्य प्रांतातल्या जबलपूरला उतरले. तिथे उंची पेट्रोल नव्हते, मिळाले ते हलके भरले, आणि इंजिनांनी अलाहाबादला हात टेकले. इथे मला झाशीचा सुतार आठवतो. साधे यंत्र असते तर ते हलक्या पेट्रोलवरही खोकत खोकत गेले असते, आणि अ‍ॅमीने बाकीचे हत्याराने भागवले असते. यंत्र जितके उंची, तितके ते कारखान्याच्या आणि खास इंधनाच्या हाती. मालकाच्या हाती कमी.

मे १९३६ मध्ये पर्सिव्हल गल या एका इंजिनाच्या विमानातून ती पुन्हा एकटी निघाली आणि सव्वातीन दिवसांत केपटाऊनला पोचली. तिच्या मोठ्या विक्रमांतला हा शेवटचा. १९३८ साली घटस्फोट झाला. खाजगी विक्रमवीरांचा काळ सरत होता, नियमित प्रवासी विमाने त्याच मार्गांवरून जाऊ लागली होती. नोकरी शोधताना तिला कळले की, प्रसिद्ध असणे ही पात्रता धरली जात नाही. १९३९ मध्ये ती इंग्लंड आणि वाइट बेट यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रावरून प्रवाशांची ने-आण करीत होती. काही मिनिटांचा प्रवास, दिवसातून अनेकदा.

युद्ध सुरू झाल्यावर १९४० साली ती कारखान्यातून नवी विमाने लष्कराच्या तळांवर पोचवणाऱ्या दलात दाखल झाली. ५ जानेवारी १९४१ रोजी एअरस्पीड ऑक्सफर्ड जातीचे विमान घेऊन ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला निघाली. तासाभराचा रस्ता. ढग दाट होते, रेडिओ नव्हता. चारएक तासांनी, ठरलेल्या वाटेपासून फार दूर, टेम्स नदीच्या मुखाशी हर्न बेजवळ ती हवाई छत्रीने समुद्रात उतरली. हॅझलमिअर या जहाजावरच्या लोकांनी दोर फेकले, पण थंडीने आखडलेल्या हातांनी तिला ते धरता आले नाहीत. जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी बर्फासारख्या पाण्यात उडी घेतली. ते त्यातच गेले. त्यांना मरणोत्तर अल्बर्ट पदक मिळाले. अ‍ॅमीचा देह कधीच सापडला नाही. ती ३७ वर्षांची होती.

ती हेर होती, तिच्याबरोबर कुणी गुप्त प्रवासी होता, आपल्याच तोफांनी तिला पाडले, अशा कथा पुढे पुष्कळ निघाल्या. मला त्यांत रस नाही. ढगावर अडकलेल्या आणि पेट्रोल संपत आलेल्या माणसाला समुद्र खाली आहे हे कळत नाही, एवढे कारण मला पुरेसे वाटते. ते विमान तिचे नव्हते, सरकारचे होते.

तिचे स्वतःचे ते हिरवे विमान मात्र शाबूत आहे. ब्रिस्बेनला उलटल्यानंतर त्याची डागडुजी झाली आणि आज ते लंडनच्या विज्ञान संग्रहालयात छताखाली टांगलेले आहे. त्याच्या शेजारून मोठी, वेगवान, इतिहास घडवणारी यंत्रे गेली आहेत. त्याच्या अंगावर अजून जेसन हे नाव आहे.