सहावीपर्यंत शिकलेल्या मेकॅनिकने धावत्या ट्रकमध्ये थंडावा कसा टिकवला?

गाडी पळत असताना एसी मस्त गार हवा देतो, पण सिग्नलला थांबलं की गरम वारा! बऱ्याच गाडीवाल्यांना हा अनुभव येतो. अशा वेळी चांगला मेकॅनिक कॉम्प्रेसर बदलायच्या आधी पुढच्या बाजूचा कंडेन्सर बघतो. त्यात धूळ-चिखल अडकला की गॅसमधली उष्णता बाहेर पडत नाही. दाब वाढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. दाब उतरला की तो पुन्हा सुरू!

चिखल-मातीचं हेच दुखणं १९३० च्या दशकात एका माणसासमोर उभं होतं. त्यांचं नाव फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स.

१८९३ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलाचं आई-वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. केंटकीतल्या एका धर्मगुरूंनी त्यांना सांभाळलं. शाळा सहावीनंतर सुटली. सिनसिनाटीतल्या गॅरेजमध्ये झाडलोट करता करता ते गाड्या दुरुस्त करायला शिकले. पुढे मिनेसोटातलं हॅलॉक गाव गाठलं. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सलाही जाऊन आले. बाकी इलेक्ट्रॉनिक्स त्यांनी स्वतःच पुस्तकं वाचून आत्मसात केलं. मूकपट बोलके होऊ लागले, तेव्हा त्यांनी गावातल्या थिएटरसाठी साउंड सिस्टिम बनवली. ते पाहून मिनियापोलिसचे व्यावसायिक जोसेफ न्यूमेरो यांनी त्यांना नोकरी दिली.

त्या काळी भाजी-मांस बर्फावर ठेवून ट्रकने पाठवत. ट्रक वाटेत रखडला की बर्फ वितळायचा आणि माल सडायचा. घरातली कूलिंग यंत्रं ट्रकवर टिकत नसत, खड्ड्यांच्या दणक्यांनी त्यांचे जोड निखळत.

१९३८ मध्ये जोन्स यांनी धक्के सोसणारं यंत्र बनवलं आणि ट्रकच्या खाली बसवलं. पण रस्त्यावरचा चिखल आणि माती त्यात जाऊन ते बंद पडू लागलं! जोन्स यांनी नीट पाहिलं, तर मुख्य अडचण जागेची होती. त्यांनी यंत्र हलकं केलं आणि मालाच्या पेटीच्या पुढच्या बाजूला, वर नेलं. तिथे चिखल पोहोचत नव्हता आणि मोकळी हवा मिळत होती. आजही थंड मालाच्या ट्रकवर, ड्रायव्हरच्या केबिनच्या वर तो डबा दिसतो.

न्यूमेरो यांनी सिनेमाचा धंदा विकून या यंत्राची कंपनी काढली. तीच पुढे थर्मो किंग झाली. दुसऱ्या महायुद्धात जोन्स यांच्या यंत्रांनी सैनिकांसाठी अन्न, औषधं आणि रक्त थंड ठेवलं.

१९६१ मध्ये जोन्स वारले, तेव्हा त्यांच्या नावावर ६० हून अधिक पेटंट होती. अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मात्र त्यांना मिळालं १९९१ मध्ये, मृत्यूनंतर तब्बल ३० वर्षांनी. हे पदक मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन ठरले.

तेव्हा एसी अधूनमधून रुसला, तर आधी कंडेन्सर साफ आहे का ते पाहा. खर्चाचं नंतर बघता येईल!