इंजिनाच्या उजेडात शिकलेला माणूस : जॉर्ज स्टीफन्सन

माझे वडील रेल्वेत चावीवाले आहेत. हातोडा, पाना आणि लाल-हिरव्या झेंड्या घेऊन ते रोज रुळांवरून चालत जातात. पहिल्या वर्षाच्या प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी नुसते ‘नोकरी’ असे लिहिले होते. पुढे जॉर्ज स्टीफन्सन यांचे चरित्र वाचनात आले आणि त्या शब्दाची मला लाज वाटली.

जॉर्जचा जन्म ९ जून १७८१ रोजी उत्तर इंग्लंडमधील वायलम या खेड्यात झाला. वडील कोळशाच्या खाणीवर पाणी उपसणाऱ्या इंजिनाचे फायरमन. सारे कुटुंब एका खोलीत राही. दारासमोरून लाकडी रुळांची वाट होती. तिच्यावरून घोडे कोळशाच्या वाघिणी ओढीत. शाळेसाठी पैसा नव्हता. जॉर्जने आधी गाई राखल्या, मग कोळशातले दगड निवडले, मग वडिलांच्या हाताखाली भट्टी पेटती ठेवली. सतराव्या वर्षी इंजिनाची देखभाल त्याच्याकडे आली. फुरसतीच्या वेळी तो ते खोलून, पुसून पुन्हा जोडी. परंतु इंजिनाविषयी पुस्तकात काय लिहिले आहे, ते वाचता येईना! तेव्हा अठराव्या वर्षी तो रात्रशाळेत जाऊन बसला. पाटीवरची गणिते तो कामावरच, इंजिनाच्या आगीच्या उजेडात सोडवी.

१८०६ मध्ये पत्नी वारली. पदरी लहानगा रॉबर्ट होता. त्यातच वाफेने भाजून वडिलांची दृष्टी गेली. जॉर्ज यांनी जोडे शिवून, घड्याळे दुरुस्त करून चार पैसे जास्त मिळवले आणि रॉबर्टला न्यूकॅसलच्या शाळेत घातले. मुलगा ग्रंथालयातून जे आणी, ते रात्री बापलेक मिळून वाचीत. मुलाच्या शिक्षणावर बापही शिकला!

१८१४ मध्ये त्यांचे पहिले इंजिन चढावर ३० टनांचा भार ताशी ४ मैल वेगाने ओढू लागले. १८१५ मध्ये त्यांनी खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा तयार केला. त्याच सुमारास सर हम्फ्री डेव्ही यांनीही तसा दिवा केला होता. एका अशिक्षित माणसाला हे सुचेलच कसे, असा संशय विद्वानांनी घेतला. १८२५ मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गासाठी संसदेच्या समितीपुढे वकिलांनी त्यांची टर उडवली. मोजणीत चुका होत्या, हेही खरेच. विधेयक फेटाळले गेले. पण त्याच वर्षी त्यांचा स्टॉक्टन-डार्लिंग्टन मार्ग सुरू झाला आणि पुढच्या वर्षी लिव्हरपूलचे कामही मंजूर होऊन त्यांच्याकडेच आले.

त्या मार्गात चॅट मॉस नावाची अफाट दलदल होती. मजुरांजवळ टिकाव, फावडी आणि एकचाकी हातगाड्या, एवढीच हत्यारे. पाय रुतू नयेत म्हणून ते पायांना फळ्या बांधून चालत. टाकलेली माती दलदल गिळून टाकी. स्टीफन्सन यांनी झुडपांच्या फांद्यांचे तट्टे अंथरून त्यांवर मार्ग तरंगता ठेवला. १८२९ च्या स्पर्धेत रॉबर्टच्या कारखान्यात बनलेले ‘रॉकेट’ जिंकले आणि १५ सप्टेंबर १८३० रोजी मार्ग खुला झाला. १२ ऑगस्ट १८४८ रोजी स्टीफन्सन यांचे निधन झाले.

त्यांचा मुलगा रॉबर्ट पुढे जी. आय. पी. रेल्वेचा सल्लागार अभियंता झाला. त्याच कंपनीची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावली.

हे सारे मी एका रात्री वडिलांना सांगितले. ते सातवीपर्यंत शिकलेले. दलदलीची हकिकत त्यांनी दोनदा सांगायला लावली आणि पावसाळ्यात रुळांखालची खडी कशी खचते, ते मला समजावून दिले. ते कोणत्याही पुस्तकात मी वाचले नव्हते. यंदाच्या अर्जात त्या रकान्यात मी लिहिले : चावीवाला, रेल्वे.