रोनाल्ड रॉस : डासाच्या पोटातील शोध



'मलेरिया' हा शब्द मूळचा इटालियन असून त्याचा अर्थ 'दूषित हवा' असा आहे. दलदलीच्या हवेमुळे हा ताप येतो, ही जुनी समजूत त्या शब्दात साठलेली आहे. आपला 'हिवताप' हा शब्द मात्र कारण सांगत नाही. थंडी आणि ताप ही लक्षणे तेवढी सांगतो. त्या समजुतीला प्रयोगाने उत्तर देणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचा येथे परिचय करून घेऊ.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. काव्य आणि गणित यांची त्यांना ओढ होती. तथापि वैद्यकाचे शिक्षण लंडनमध्ये घेऊन १८८१ मध्ये ते भारतीय वैद्यकीय सेवेत रुजू झाले. १८८० मध्ये लाव्हेराँ यांना रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी आढळले होते. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जातात, हे मात्र अज्ञात होते. डासांचा त्यात संबंध असावा, हा पॅट्रिक मॅन्सन यांचा तर्क १८९४ मध्ये रॉस यांच्या कानी आला.

यापुढील दोन वर्षे अपयशाची होती, हे लक्षात घ्या. रॉस डासांना रुग्णाचे रक्त पिऊ देत आणि काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे विच्छेदन करीत. परंतु हाती काहीच लागत नसे. कारण ते डास वेगळ्या जातींचे होते. सिकंदराबाद येथे अळ्यांपासून वाढवलेले ठिपकेदार पंखांचे डास त्यांनी हुसेन खान या रुग्णाला चावू दिले. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशा एका डासाच्या जठरभित्तीत त्यांना काळे रंगकण असलेल्या गोल पेशी दिसल्या. तसेच रंगकण रुग्णाच्या रक्तातील परजीवीतही असतात. दुसऱ्या दिवशी तपासलेल्या डासात त्या पेशी अधिक मोठ्या होत्या. म्हणजेच परजीवी डासाच्या शरीरात वाढत होता.

पुढे कोलकाता येथे त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले. महंमद बक्ष हे त्यांचे साहाय्यक होते. जुलै १८९८ मध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथींत पोहोचलेला दिसला आणि अशा डासांच्या दंशाने निरोगी पक्षी आजारी पडले. रोग दंशातून पसरतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. माणसाच्या हिवतापातील अॅनॉफिलिस डासाची भूमिका ग्रासी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी त्याच वर्षी स्पष्ट केली. श्रेयावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात दीर्घकाळ कटुता राहिली. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

आजही प्रयोगशाळेत पकडलेल्या डासाचे जठर आणि लाळग्रंथी तपासल्या जातात. जठरातील परजीवी डासाला संसर्ग झाल्याचे सांगतो. लाळग्रंथीतील परजीवी तो डास रोग देऊ शकतो, असे सांगतो. हा भेद रॉस यांच्या दोन टप्प्यांतील कामातून आपल्या हाती आला आहे.

विचार करा : शोधाचे श्रेय एका नावाने ओळखले जाते, तेव्हा हुसेन खान आणि महंमद बक्ष यांचे स्थान चरित्रलेखकाने कोठे ठेवावे?