वाळीत टाकलेल्या घरची लेक : संत मुक्ताबाई

देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे खचलेली भिंत पुन्हा उभी करणे आणि देवापुढे गावातील लहानथोर सर्वांना जागा करून देणे होय. वेदगंगेकाठी मुरगूड ग्रामस्थांनी व उदार देणगीदारांनी श्रमाने आणि धनाने हे कार्य सिद्धीस नेले. अशा मंगल प्रसंगी, जिच्या घराला एके काळी गावानेच जागा नाकारली त्या लहानग्या मुक्ताबाईचे चरित्र स्मरणे उचित ठरेल.

मूळचे आपेगावचे विठ्ठलपंत हे आळंदीचे जावई. त्यांनी काशीस जाऊन संन्यास घेतला व पुढे गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. संन्याशाने संसार मांडला, हा त्यांचा अपराध! आळंदीने हे घर वाळीत टाकले. त्यांना निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई अशी चार अपत्ये झाली. परंपरेप्रमाणे मुक्ताईचा जन्म शके १२०१, म्हणजे इ. स. १२७९ चा. मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले. मुलांना तरी समाजाने पदरात घ्यावे या आशेने विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांनी नदीत देह ठेवला, असे परंपरा सांगते. आईबाप गेले, आणि तरीही मुले बाहेरचीच राहिली. सर्वांत धाकटी मुक्ताई तर अगदीच अजाण होती.

शुद्धिपत्रासाठी ही भावंडे पायी पैठणास गेली. तेथील रेड्याची कथा घरोघरी ठाऊक आहे, ती येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

मांड्यांची कथा मात्र सांगितलीच पाहिजे. एकदा निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली. मांडे भाजण्यास खापर हवे, म्हणून मुक्ताई कुंभारवाड्यात गेली. विसोबा चाटी नावाच्या गृहस्थाने कोणीही या पोरीला भांडे देऊ नये अशी कुंभारांना ताकीद दिली. पोर रिकाम्या हातांनी रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने जठराग्नी चेतवला आणि मुक्ताईने त्यांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. चमत्कार ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे मानावा. पण मातीच्या एका खापरासाठी दारोदार हिंडून परतलेली ती मुलगी कोणाच्याही डोळ्यांपुढून हलत नाही. हे पाहून विसोबा शरण आले आणि विसोबा खेचर म्हणून संतमेळ्यात गणले गेले.

पुढे एकदा लोकनिंदेने खिन्न होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली. वडिलकीचा मान भावांचा, पण समजूत काढली ती धाकट्या बहिणीने. बाहेर उभे राहून तिने जे विनवले तेच ताटीचे अभंग होत. ज्या जगाने तिला दूर लोटले त्या जगावर रागावू नये, हे तिने आपल्या भावाला सांगितले! वयोवृद्ध योगी चांगदेवांनीही या मुलीला गुरू केले.

गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता तिने थापटण्याविषयी विचारले. कोणते मडके कच्चे, कोणते पक्के हे त्याने कळते, असे काकांनी सांगताच तिने सर्व संतांची पारख करावयास लावली. नामदेव कच्चे ठरले व गुरूच्या शोधात निघाले. त्यांना गुरू लाभले ते हेच विसोबा! कुंभाराच्या दारातून जिला हाकलले होते तिला दुसऱ्या कुंभाराच्या घरी अशी मानाची बैठक मिळाली.

शके १२१८ मध्ये (इ. स. १२९६) ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. पाठोपाठ सोपानदेव सासवडास समाधिस्थ झाले. मग उरलेली दोन भावंडे तापीतीरी आली. शके १२१९ मध्ये तेथे मेहूणजवळ वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली, असे सांगतात. वय अवघे अठरा. जळगाव जिल्ह्यातील एदलाबाद गावास पुढे तिच्या नावावरून मुक्ताईनगर म्हणू लागले. तेथून दर आषाढीस तिची पालखी पंढरीस जाते, आणि वाटेवरची गावे तिच्यासाठी सडा घालून उभी असतात.