बिघाड नेमका कुठे?

मी बँकेतून निवृत्त झालो, तरी आमची जुनी गाडी काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. एका पावसाळी सकाळी किल्ली फिरवली. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. पण सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’! मी नवी बॅटरी आणायला निघालो, तर मिस्त्रीनं मला थांबवलं. मीटरची एक वायर त्यानं बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावली, दुसरी इंजिनाला टेकवली आणि मला सेल्फ मारायला लावला. काटा सरकला. जिथं व्होल्टेज जवळजवळ शून्य असायला हवं, तिथंच ते दिसत होतं. अर्थिंगची पट्टी गंजली होती. दिव्यांना आठ-दहा अँपिअर पुरतात, सेल्फला शंभराहून अधिक लागतात. तेवढा करंट त्या गंजातून जाणार कसा? बॅटरी बिचारी निर्दोष होती.

मोटारीला हा सेल्फ देणाऱ्या चार्ल्स केटरिंगचं आयुष्य म्हणजे असे बिघाड शोधण्याचीच कथा आहे.

१८७६ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. दृष्टी अधू. वाचताना डोळे इतके दुखत, की त्याला कॉलेज सोडावं लागलं. मधल्या काळात त्यानं टेलिफोनच्या तारा ओढण्याचं काम केलं. पदवी हाती आली ती १९०४ साली. मग डेटन शहरातल्या कॅश रजिस्टरच्या कारखान्यात नोकरी मिळाली. दुकानातला गल्ला हातानं फिरवावा लागे. त्याला त्यानं विजेची मोटर बसवली. गल्ला उघडण्यापुरता क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचं, एवढंच तिचं काम. त्यामुळे छोटी मोटरही मोठा भार पेलू शकते, हे त्याच्या ध्यानात आलं.

तेव्हा मोटार सुरू करायची तर पुढे उभं राहून हँडल मारावं लागे. इंजिनानं उलटा झटका दिला, की मनगटं मोडत. हे काम विजेवर करायचं तर इंजिनाएवढी मोटर लागेल, असं जाणकार म्हणत. केटरिंगला गल्ला आठवला. एका मित्राच्या कोठारात, मोजक्या सोबत्यांसह त्यानं सेल्फ तयार केला. १९१२च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला आणि हँडल मारण्याची ताकद नसलेल्यांनाही गाडी चालवणं शक्य झालं.

त्याआधीच त्यानं बॅटरीवर चालणारी ठिणगीची योजना दिली होती. कॉइल आणि पॉइंटची आपल्या जुन्या गाड्यांतली रचना त्याच घराण्यातली. पण इंजिनात ठोके पडू लागले आणि खापर फुटलं ते या ठिणगीवर! केटरिंग आणि त्याचा सहकारी टॉमस मिजली यांनी चिकाटीनं शोध घेतला. ठिणगी निर्दोष ठरली. दोष इंधनाच्या जळण्यात निघाला.

इथवर सगळं ठीक होतं. १९२१ साली त्यावर उपाय सापडला, तो मात्र शिशाचा. शिसं विषारी आहे, हे तेव्हाही जगाला ठाऊक होतं. १९२४ साली हे रसायन बनवताना न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात पाच कामगार दगावले. त्याच वर्षी हे मिश्रण विकण्यासाठी निघालेल्या कंपनीचा अध्यक्ष होता केटरिंग. विक्री काही काळ थांबली, मग पुन्हा सुरू झाली. पुढची कित्येक दशकं मोटारींच्या धुरातून शिसं मुलांच्या रक्तात जात राहिलं. आपल्याकडे ते २००० साली बंद झालं. जगातून त्याचं उच्चाटन व्हायला २०२१ उजाडलं.

केटरिंग १९५८ साली गेला. न्यूयॉर्कच्या मोठ्या कर्करोग संशोधन संस्थेला त्याचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. त्याला खलनायक ठरवण्याचा माझा विचार नाही. रोज किल्ली फिरवताना मी त्याचे आभारच मानतो. पण निर्दोष ठिणगीवरचा आळ दूर करण्यासाठी वर्षानुवर्षं झटणाऱ्या या माणसानं, स्वतःच्या उपायाकडे तेवढ्याच कठोरपणे पाहिलं असतं तर?

आमची अर्थिंगची पट्टी अगदी थोड्या पैशांत बदलून झाली. बॅटरी अजून तीच आहे.