सांखवाळचे धर्मानंद आणि नववीतला एक प्रश्न



स्मरणिकेसाठी परदेशातल्या अनुभवांवर काहीतरी लिही, असा निरोप आपल्या गटावर आला तेव्हा मी दोन दिवस टाळाटाळ केली. मी अमेरिकेत गेलो, नोकरी केली, बारा वर्षांनी परत आलो. यात सांगण्यासारखे फार नाही. पण तिथल्या पहिल्या हिवाळ्यात ज्या माणसाने मला सावरले, त्याच्याबद्दल मात्र लिहायला हवे असे वाटले. तो माणूस मी जन्मण्याच्या खूप आधी, १९४७ सालीच वारला होता. त्याची ओळख मला आपल्याच शाळेत झाली.

नववीत असताना एकदा गणिताचे सर रजेवर होते आणि तो तास मराठीच्या बाईंनी घेतला. बाहेर पाऊस कोसळत होता, कौलांवरच्या आवाजात काही ऐकू येत नव्हते, म्हणून त्यांनी सगळ्यांना पुढच्या बाकांवर बोलावले आणि धर्मानंद कोसंबींची गोष्ट सांगितली. तास संपताना एका मुलीने विचारले की, हे सगळे चालले असताना त्यांची बायको कुठे होती? बाईंनी उद्या सांगते म्हटले. तो उद्या काही आला नाही. तो प्रश्न मला पुढे फार छळणार होता, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळचा. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. गाव आपल्या गावांसारखेच: माड, शेती, देऊळ, पावसाळ्यात चिखल. शिक्षण थोडेसे मराठी झाले आणि थांबले. पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी लग्न झाले. घरच्या माडांच्या बागेची देखभाल त्यांच्या गळ्यात पडली. आपल्यातल्या ज्यांनी सुट्टीत माड शिपले आहेत, आळ्यांतली माती ओढली आहे, त्यांना हे काम सांगायला नको. दिवस जातो आणि डोके रिकामे राहते. त्या रिकामेपणात ते मिळेल ते मराठी वाचत. अशातच १८९७ साली बालबोध नावाच्या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. एका लहानशा मासिकातल्या त्या मजकुराने त्यांचे आयुष्य फिरवले. बुद्धाविषयी सगळे काही मुळातून शिकायचे, असे त्यांनी ठरवून टाकले.

शिकायचे म्हणजे काय, याची कल्पनाही त्यांना नव्हती. मूळ ग्रंथ कुठल्या भाषेत, शिकवतो कोण, काही माहीत नाही. १८९९च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मोठी मुलगी माणिक त्याच वर्षी जन्मलेली, अजून तान्ही होती. खिशात जेमतेम पैसे. पहिला मुक्काम पुणे. तिथे त्यांना आधार मिळाला तो डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा. भांडारकर १८३७ साली आपल्या मालवणात जन्मलेले. कोकणातला एक मोठा पंडित आणि कोकणीपट्टीतलाच एक अर्धशिक्षित तरुण असे ते समोरासमोर आले, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

पुण्याहून ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत शिकायला सुरुवात केली. बौद्ध धर्म सापडेल म्हणून नेपाळात गेले आणि निराश होऊन परतले. बोधगयेत कळले की, पाली शिकायचे तर सिंहलद्वीप गाठावे लागेल. १९०२ साली ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पोचले आणि तिथे श्रामणेर झाले. परका देश, परकी भाषा, न मानवणारे जेवण, त्यामुळे आजारपण. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. म्हणजे बोस्टनला जाण्याआधीच हा माणूस दहा ठिकाणी उपरा होऊन आला होता. मला वाटते, त्यांची खरी तयारी तिथेच झाली.

१९०६ साली त्यांनी चीवर उतरवले. कलकत्त्यात पाली शिकवू लागले आणि सुमारे सात वर्षांनी गोव्यात घरी आले. बाळाबाईंना घेऊन ते कलकत्त्याला गेले. मुलगा दामोदर १९०७ सालचा. पुढे मोठे गणिती आणि इतिहासकार झालेले डी. डी. कोसंबी ते हेच. कलकत्ता विद्यापीठातली नोकरी बरी चालली होती. पण जे शिकलो ते आपल्या मराठी माणसांना मिळाले पाहिजे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड दरमहा पन्नास रुपये देऊ लागले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथ लिहावेत. धर्मानंदांनी कलकत्त्याचा मोठा पगार सोडून हे पन्नास रुपये घेतले.

याच काळात मुंबईत त्यांची गाठ हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी पडली. वुड्स त्यांच्याकडे पाली शिकले. त्यातून हार्वर्डचे बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते. १८९९ साली ते वारले आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करायला जाणकार माणूस हवा होता. १९१० साली धर्मानंद बोस्टनशेजारच्या केंब्रिज शहरात जाऊन पोचले. मॅट्रिकचेसुद्धा प्रमाणपत्र हाती नसलेला सांखवाळचा माणूस हार्वर्डच्या पंडितांबरोबर एका टेबलाशी बसून काम करू लागला!

आता माझे थोडेसे. १९९६च्या जानेवारीत मी बोस्टनला उतरलो. मुंबईतली चार वर्षे सोडली तर मी आचऱ्यापलीकडे राहिलेला माणूस नव्हे. मुलगी तीन महिन्यांची होती. तिला आणि बायकोला आई-बाबांकडे गावी ठेवून गेलो होतो. माझ्याकडे कोट होता, पण तो मुंबईच्या दुकानातला. तिथल्या वाऱ्यात त्याचा उपयोग रुमालाएवढाच. चार वाजता अंधार पडे. खोलीच्या खिडकीतून बर्फ आणि त्यावर टाकलेले मीठ दिसे. रस्त्यावर हजारो माणसे, पण कोणी कोणाला हाक मारत नाही. आपल्याकडे वाटेत भेटणारा खंय चाललंस असे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. लहानपणी त्याचा वैताग यायचा. तिथे तोच प्रश्न ऐकायला कान आसुसले. माझे इंग्रजी कार्यालयातल्या लोकांना दोनदा ऐकल्याशिवाय कळत नसे, म्हणून मी बैठकांत बोलणेच बंद केले. मार्चमध्ये मी राजीनामा लिहून खणात ठेवला.

त्याच आठवड्यात एका रविवारी भुयारी रेल्वेने हार्वर्डला उतरलो. वेळ घालवायचा, एवढाच हेतू. विटांच्या त्या जुन्या इमारतींमधून फिरताना अचानक पावसातला तो तास आठवला. चार्ल्स नदी गोठलेली होती. वाटले, पंच्याऐंशी वर्षांपूर्वी सांखवाळचा माणूस इथूनच चालत गेला असेल. त्याच्याकडे ना फोन, ना गावचे कोणी. घरी खुशाली कळवायची तर पत्र बोटीने जायचे.

तिथे शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने मला ग्रंथालयातून तो विसुद्धिमग्ग आणून दाखवला. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचा एकेचाळिसावा खंड. छापल्याचे साल पाहून मी चकित झालो: १९५०. म्हणजे १९१० साली हाती घेतलेले काम चाळीस वर्षांनी, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी बाहेर आले होते. मग मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

तेव्हा कळले की त्यांचेही तिथे सुरळीत चालले नव्हते. ग्रंथमालेचे प्रमुख चार्ल्स लॅनमन आणि धर्मानंद यांचे संपादनाच्या श्रेयावरून बिनसले. धर्मानंद १९१२ साली काम तसेच सोडून परतले. म्हणजे ते पळाले का? तसे नव्हे. मिळेल त्या अटीवर तिथे चिकटून राहण्याची त्यांना गरज वाटली नाही, एवढेच. पुण्यात येऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षे पाली शिकवली, कुटुंबासह राहिले आणि पुरुषोत्तम बापटांसारखे विद्यार्थी घडवले. १९१८ साली हार्वर्डने पुन्हा बोलावले, तेव्हा पुन्हा गेले. तिसऱ्यांदा १९२६ साली, चौथ्यांदा १९३१ साली. मधल्या काळात अहमदाबादला गुजरात विद्यापीठात काम केले, १९२९ साली लेनिनग्राडची थंडीही पाहून आले. अमेरिकेत असताना त्यांनी केवळ पाली पोथ्या वाचल्या नाहीत. तिथल्या कामगारांची स्थिती पाहिली, समाजवादावरची पुस्तके वाचली आणि बुद्धाच्या करुणेशी त्यांचा मेळ घालून पाहिला.

आणि १९३० साली हा हार्वर्डचा पंडित कुठे होता, माहीत आहे? आपल्या शिरोड्यात! मिठाच्या सत्याग्रहात ते शिरोड्याच्या मिठागरांवर आले, पुढे विलेपार्ल्याच्या छावणीत काम केले आणि तुरुंगात गेले. बोस्टनच्या फुटपाथवर बर्फ वितळावा म्हणून पोत्यांनी ओतलेले मीठ मी रोज तुडवत होतो. आपल्याकडे मूठभर मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. शिरोड्याचे मीठ आठवले की पुढे मला त्या रस्त्याचा राग येईनासा झाला.

मी राजीनामा दिला नाही. पण तो केवळ धीर आला म्हणून नव्हे. इथेच नववीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर येते.

धर्मानंद गेले तेव्हा बाळाबाई कुठे होत्या? घरी होत्या. पहिली सात वर्षे तान्ही मुलगी घेऊन, नवरा कधी येईल याचा ठावठिकाणा नसताना. १९१८ साली धर्मानंदांनी माणिक आणि दामोदर यांना बरोबर अमेरिकेला नेले. माणिक तिथल्या रॅडक्लिफ कॉलेजात शिकली, दामोदर केंब्रिजच्या शाळेत आणि पुढे हार्वर्डमध्ये. बाळाबाई मात्र मनोरमा आणि कमला या धाकट्या मुलींसह इकडेच राहिल्या. म्हणजे ज्या वर्षांत जगाला एक पाली पंडित आणि एक गणिती मिळत होता, त्या वर्षांत एका बाईने घर एकटीने रेटले. विसुद्धिमग्गाच्या मुखपृष्ठावर तिचे नाव नाही. श्रेयावरून एवढा वाद झाला, पण हे श्रेय कोणी मागितलेच नाही.

हे वाचले त्या रात्री मी घरी फोन केला. तेव्हा मिनिटामिनिटाचा हिशेब असे. मी दर रविवारी पाच मिनिटे बोलायचो आणि त्यातली चार स्वतःच्या थंडीबद्दल. त्या दिवशी पहिल्यांदा बायकोला विचारले की, तुझे कसे चालले आहे? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मुलीला गेल्या महिन्यात न्यूमोनिया झाला होता, कणकवलीला आठ दिवस दवाखान्यात ठेवले होते, हे तिने सांगितले. मला त्रास नको म्हणून सगळ्यांनी लपवले होते. मी परदेशात एकटा पडलो म्हणून रडत होतो आणि ती माणसांनी भरलेल्या घरात एकटी होती. ऑक्टोबरमध्ये दोघी बोस्टनला आल्या. पुढची वर्षे सोपी गेली असे नाही, पण ती तिघांनी मिळून काढली.

धर्मानंदांनी आपला देवनागरी विसुद्धिमग्ग १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनातर्फे प्रसिद्ध केला. हार्वर्डच्या आवृत्तीची वाट पाहत ते थांबले नाहीत. भगवान बुद्ध हे त्यांचे मराठी पुस्तकही त्याच सुमाराचे. परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभा केला होता. शेवटी शरीर साथ देईना, तेव्हा सेवाग्रामला अन्न सोडून ४ जून १९४७ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. बोस्टन, लेनिनग्राड, कोलंबो सगळे पाहिले, पण लिहिले ते मुख्यतः मराठीत, आपल्यासारख्यांसाठी.

बाई, आपण संमेलनाला येणार असे कळले. तो पावसातला तास मी विसरलो नाही. आणि ज्या मैत्रिणीने प्रश्न विचारला होता तिला सांगतो: उत्तर द्यायला उशीर झाला, पण वर्गातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुझाच होता. आता आपल्या शाळेतली मुले दुबई, लंडन, टोरांटोला जातात. त्यांना निरोप देताना धर्मानंदांची गोष्ट जरूर सांगा. मात्र ती सांगताना बाळाबाईंना वगळू नका.