जनाबाईची वेणी

आषाढ लागला की आपल्या झाडीत धानाची रोवणी निघते. तिकडे पालख्या पंढरीच्या वाटेला लागलेल्या असतात, आणि इकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या मायबहिणी चिखलात वाकून पऱ्हे लावीत असतात. वारी चुकली म्हणून जीव चुटपुटतो, पण पाऊस कुणासाठी थांबतो काय! डोईवर पाणी, आत घाम, बांधलेला अंबाडा तसाच ओला. आठ-आठ दिवस केसांना फणी लागत नाही. रोवणी सरली की मग ओसरीवर एकीमागे एक बसतात. मागची गुंता काढते, पुढची कळ सोसते. ते पाहिले की मला दर साली जनाबाई आठवते. म्हणून ह्या खेपेस तिचेच चरित्र सांगावे म्हणतो.

गोदावरीकाठचे गंगाखेड हे तिचे जन्मगाव. बापाचे नाव दमा, आईचे करुंड. दोघेही विठ्ठलाचे भक्त. पण जात अशी की गावाने दूर ठेवावे. आई लवकर गेली. पोर पंढरपुरास आली ती दामाशेटी शिंप्यांच्या घरी, आणि मग जन्मभर तिथलीच झाली. दामाशेटी व गोणाई यांच्या पोटी शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० साली नामदेव जन्मले. त्यांना जनीने कडेवर खेळविले, असे परंपरा सांगते. पुढे नामदेवांचा संसार वाढला. राजाई आली; नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे झाले, सुना आल्या. एवढ्या मोठ्या घराचे दळण, कांडण, पाणी, सडा, शेणी वेचणे, सगळे जनीच्या अंगावर. ती स्वतःला नामयाची दासी म्हणवीत असे, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नसे. ह्याच दासीच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. थाळीपाक आणि हरिश्चंद्राख्यान हीही तिचीच मानतात.

कीर्तनात जनाबाई निघाली की बुवा लगेच पदकाच्या कथेवर येतात. देव तिच्याकडे रात्री आले, पहाटे घाईत आपला अलंकार तिथेच विसरून तिची वाकळ पांघरून गेले. पदक जनीच्या घरी सापडले, चोरीचा आळ आला, तिला सुळाकडे नेले आणि सुळाचे पाणी झाले. गोष्ट मोठी आहे, ऐकताना अंगावर काटा येतो. पण मला स्वतःला तिच्या न्हाण्याचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो, आणि तोच बुवा लोक घाईने उरकतात. बायकांच्या डोईची कथा पुरुषाने काय रंगवायची, असे वाटत असेल!

प्रसंग असा. जनी न्हायला बसली आहे. पाणी कडकडीत तापलेले, विसण घालायला थंड पाणी नाही, आणून द्यायला माणूस नाही. गोणाई-राजाईला आपापले व्याप; दासीच्या न्हाणीला पाणी कोण देणार? तेव्हा देव स्वतः घागर घेऊन धावले आणि त्यांनी आपल्या हाताने विसण घातले. जनीचे केस कितीक दिवसांत धुतलेले नव्हते, गुरफटून बसले होते. देवाचा हात लागला तशी ती संकोचली, अंग चोरू लागली. तेव्हा देवाने तिला गुमान बसायला सांगितले आणि गुंता उकलून वेणी घातली. जनीला तिथे देव दिसला नाही, आई दिसली. दुसऱ्या एका अभंगात तर ती तुळशीच्या बनात वेणी सोडून बसली आहे आणि चक्रपाणी हातात लोणी घेऊन तिच्या डोईला चोळतो आहे.

हे लोणी उगीच आलेले नाही. ज्याने कधी पोरीचे केस विंचरले असतील त्याला कळेल. कोरड्या गुंत्यात फणी घातली तर केस तुटतो, गाठ सुटत नाही. आधी स्निग्ध काही चोळायचे. तिकडे लोणी, आपल्याकडे मोहाच्या टोरीचे तेल. मग गाठीच्या वरचे केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ मुळाशी जात नाही. बोटांनी गाठ सैल करायची, आणि फणी टोकाकडून लावीत हळूहळू वर सरकायचे. वरून खाली ओढणारी बाई माया करीत नाही, काम उरकते. ह्याला वेळ लागतो. पंढरीच्या राण्याने एका मोलकरणीच्या डोईसाठी तेवढा वेळ दिला, आणि जनीने ते लिहून ठेवण्याची लाज धरली नाही.

आता एक दुखरी गोष्ट. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून, म्हणजे जनाबाईच्याच मुलखातून, हजारो मंडळी येतात, झरपटीत स्नान करतात. त्यांत एखादी बाई दिसते, जिच्या पाठीवर दोरखंडासारखी जट लोंबते आहे. देवीने धरले म्हणून तिला फणी बंद, कात्री बंद. मान अवघडते, उवा होतात, रात्री कुशीवर वळता येत नाही. खरे पाहता माणसाचे पन्नास-शंभर केस रोज गळतातच. विंचरले नाही तर ते गळलेले केस उभ्या केसांत अडकून राहतात, घाम-धूळ मिळते आणि लोकरीच्या नमद्यासारखे घट्ट बसते. अलीकडच्या काळात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी कित्येक बायांची समजूत घालून जटा उतरविल्या. जुनी जट बहुधा कापावीच लागते. ताजी असेल तर सुटते.

आमच्या आळीत एका सुनेला मोठा ताप आला होता. महिनाभर खाटेवर, उशीवर डोके घासून मागचे सगळे केस एक झाले. शेजारणींनी लगेच देवीचे नाव घेतले, सासूने फणी लपवून ठेवली. पोर रडायची, पण घरात बोलणार कोण? आमच्या हरिपाठात येणारी एक म्हातारी हे ऐकून तिच्याकडे गेली. तिने वाद घातला नाही. सासूजवळ बसून जनाबाईच्या न्हाण्याची कथा सांगितली, आणि ज्या केसांना विठोबाने हात लावला ते उकलायला देवी कशी रागवेल, एवढेच विचारले. सासू बराच वेळ गप्प होती. मग उठली आणि तिने तेलाची बाटली आणली. चार संध्याकाळी लागल्या. दोन ठिकाणी कात्री लावावी लागली, बाकी सगळे सुटले. शेवटच्या दिवशी म्हातारीचे हात भरून आले, तेव्हा सासूने स्वतः फणी घेतली.

नामदेव उत्तरेत पंजाबापर्यंत जाऊन आले. जनी पंढरीतच दळीत राहिली. शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांनी महाद्वारी देह ठेवला, आणि जनीही त्याच दिवशी तिथेच विसावली असे मानतात. पंढरपुराजवळ गोपाळपुरास तिची खोली आणि जाते दाखवतात. यात्रेकरू बाया त्या जात्याला हात लावून एखादा फेरा देतात. आमची ती म्हातारी कार्तिकीला गेली होती. जात्याजवळ बसून तिने पुढच्या पोरीची सुटलेली वेणी घालून दिली, आणि मागे रांग खोळंबली म्हणून लोक ओरडत राहिले.